खंडेनवमीचं पिस्तूल

त्या वर्षी मला पिस्तूल हवं होतं. कोणावर झाडायला नव्हे, पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या कागदाच्या मधोमध भोक पाडायला. हे मी त्या दिवसांत इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलं की सांगताना माझा आवाज आपोआप चढायला लागला. एखाद्या मुलीनं सतार मागितली तर ती कोणाच्या डोक्यात घालणार आहेस, असं तिला कोणी विचारत नाही. मला मात्र आईनं विचारलं, अण्णांनी विचारलं, दुकानदारानं विचारलं, आणि कॉलेजातल्या ज्या मुलींनी मला कधी धड मैत्रीण मानलं नाही त्यांनीही तोंडाला पदर लावून विचारलं. कॉलेजात कवायतीच्या तासाला आम्हाला एकदा मैदानावर नेऊन रायफल चालवायला दिली होती. बाकीच्या जणी डोळे मिटून चाप ओढत होत्या. माझ्या पाचांपैकी चार गोळ्या जिथे जायला हव्या होत्या तिथे गेल्या, आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडे वळून पाहिलं. कवायतीच्या बाईंनी मला एका क्लबात नेऊन सोडलं. फोर्ट विल्यमच्या पलीकडच्या मैदानात दर रविवारी सकाळी त्यांची चांदमारी चालायची. नवख्यांना तीन महिने क्लबची पिस्तुलं वापरू देत. दुर्गापूजेच्या सुटीनंतर ज्याच्याजवळ स्वतःचं हत्यार असेल त्यानंच रांगेत उभं राहायचं, असा नियम होता. मला त्या रांगेत उभं राहायचं होतं. आयुष्यात दुसरं काही मला इतकं हवंसं वाटलं असेल, तर ते आता आठवत नाही.

आम्ही कलकत्त्याला, भवानीपुरात एका गल्लीत, वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. दोन खोल्या, एक अंधारं स्वयंपाकघर आणि गच्चीचा कोपरा. अण्णा केंद्र सरकारच्या एका कचेरीत होते आणि बदलीनं इथे येऊन पडले होते. आईनं हे शहर कधी आपलं म्हटलंच नाही. गल्लीत सकाळ-संध्याकाळ मोहरीचं तेल कडकडायचं आणि ती खिडक्या लावून घ्यायची. दही आणायला गेलं तर गोड, आमटीत घालायला चिंच मागितली तर तीही कसलीशी वेगळीच. श्रीखंडासाठी ती साधं दही लावून अण्णांच्या जुन्या धोतराच्या फडक्यात खुंटीला टांगून ठेवी आणि खाली ठेवलेल्या पातेल्यात रात्रभर टप टप आवाज येई. खालून तिन्हीसांजेला शंख वाजे, कोपऱ्यावरून ट्रामची घंटा, आणि पहाटेपासून घरमालकांच्या चरख्याची घरघर. घरात बोलणं कमी आणि धुसफूस जास्त. मी आईवर, आई शहरावर, आणि दोघी मिळून अण्णांवर, अशी ती रोजची धुसफूस असे. आज माझी नात म्हणते, आजी, तू इतकी खडूस कशी? तिला काय सांगू, मी त्या घरात खडूसपणाच शिकले.

अण्णांवर माझा राग होता, आणि तो साधा राग नव्हता, तिरस्काराच्या अगदी जवळचा होता. मी बारा वर्षांची असताना दिल्लीत प्रार्थनेला निघालेल्या राष्ट्रपित्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि झाडणारा आमच्या भाषेचा आणि आमच्या जातीचा निघाला. दुसऱ्या दिवशी गल्लीतली पोरं विटा घेऊन आमच्या दाराशी आली. तेव्हा खाली दारात जो माणूस उभा राहिला, ते आमचे घरमालक, मास्टरमोशाय. निवृत्त शाळामास्तर, अंगावर स्वतः कातलेल्या सुताची खादी, दोनदा तुरुंगात जाऊन आलेले. त्या दिवशी त्यांनी अन्नाला स्पर्श केला नव्हता आणि रडून रडून त्यांचे डोळे सुजले होते. सगळ्या गल्लीत सगळ्यांत मोठं दुःख त्यांचं होतं, आणि आमच्या दारात उभे राहून तेच म्हणाले की वर जायचं असेल तर माझ्या अंगावरून जा. पोरं गेली. अण्णा तेव्हा वर आतल्या खोलीत माझा आणि आईचा हात धरून बसले होते. त्या धरून बसलेल्या हातांची मला तेव्हापासून शिसारी बसली. आठवड्याभरात त्यांनी दारावरची लिमये ही पितळी पाटी काढली आणि तिथे आडनाव गाळून ‘एम. वासुदेव’ अशी लाकडी पाटी लावली. ट्राममध्ये मराठी बोलायचं नाही, अशी ताकीद दिली. लोक मद्रासी समजले तर समजू देत, असं म्हणाले. आम्ही काय केलं होतं? मी हा प्रश्न त्यांना वर्षानुवर्षं विचारला. ते वर्तमानपत्राचं पान उलटत.

त्यामुळे मी पिस्तुलाचं नाव काढलं तेव्हा काय झालं असेल, ते सांगायला नको. अण्णांनी हातातला घास ताटात ठेवला.

“ज्या माणसानं आपल्याला वाचवलं, त्याच्या डोक्यावरच्या मजल्यावर पिस्तूल आणायचं? लोक काय म्हणतील ते सोड. त्यांना काय वाटेल?”

“ते हवेचं असतं, अण्णा. त्यात छर्रे असतात. कावळासुद्धा मरत नाही त्यानं.”

“दिसतं तर पिस्तुलासारखंच ना?”

“मग सगळ्यांनी आयुष्यभर हात बांधून बसायचं का? तुम्ही बसा. मी नाही बसणार.”

आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला, पण त्यात जोर नव्हता. मी चार दिवस कोणाशी बोलले नाही आणि पाचव्या दिवशी अण्णा कबूल झाले. त्यांची अट एकच. पिस्तूल ट्रंकेत राहील, कापडी पिशवीतून क्लबात जाईल आणि तसंच परत येईल. मास्टरमोशायांच्या दृष्टीला ते कधी पडता कामा नये. त्या म्हाताऱ्याचं मन दुखावलं तर या शहरात आपल्याला तोंड दाखवायला एकही घर उरणार नाही, असं ते म्हणाले. मी हो म्हटलं. मला तेव्हा पिस्तुलापलीकडे काही दिसत नव्हतं.

दुकान धर्मतळ्याच्या रस्त्यावर होतं. गोऱ्या साहेबांच्या काळातलं, काचेची उंच कपाटं, भिंतीवर सांबराची शिंगं आणि तेलाचा वास. एकट्या मुलीला कोणी दारात उभं करणार नाही म्हणून अण्णा बरोबर आले, आणि छत्री दोन्ही हातांत धरून उभे राहिले. काउंटरवरचा माणूस माझ्याकडे न पाहता अण्णांना म्हणाला, “बेबी को खेलने के लिए चाहिए?” मी म्हटलं, बेबीला निशाणेबाजीसाठी हवं आहे, आणि बेबीशी बोला. त्यानं तोंड वाकडं करून चार पिस्तुलं समोर मांडली. पहिलं बेल्जियमचं, एका गोळीचं, खऱ्या काडतुसाचं. त्याला पोलिसांचा परवाना लागे. परवाना हा शब्द ऐकताच अण्णा अर्धं पाऊल मागे सरकले. दुसरं जर्मन, हवेचं, नवंकोरं. हातात घेतलं आणि परत ठेवायला मन होईना, पण त्याची किंमत ऐकून मीच ते ठेवलं. तिसरं चकचकीत निकेलचं, स्वस्त, आणि दुकानदाराला तेच आमच्या गळ्यात मारायचं होतं. चौथंही हवेचंच, कोणा विलायतेला परत गेलेल्या साहेबानं विकून टाकलेलं, रंग उडालेलं, लाकडी मुठीवर एक ओरखडा.

क्लबच्या म्हाताऱ्या सेक्रेटरींनी मला आधीच पढवलं होतं. चकाकी पाहू नकोस, म्हणाले होते. डोळे मीट, हात समोर उचल, मग डोळे उघड. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायची खुंटी, मागच्या खाचेत आपोआप बसलेली दिसली, तर ती मूठ तुझ्या हाताची. नाही दिसली तर कितीही महाग असलं तरी ते दुसऱ्याचं पिस्तूल. मी दुकानाच्या मधोमध उभी राहून डोळे मिटले. निकेलचं उचललं तर माशी डावीकडे, शिवाय बोटानं हलवली तर डुगडुगत होती, आणि चाप रबर ताणल्यासारखा लांबत गेला. साहेबाचं उचललं तर माशी खाचेत. पुन्हा केलं, पुन्हा खाचेत. हवा दाबायचा दट्ट्या मागे ओढायला दोन्ही हात लावावे लागले, पण चाप एका ठिकाणी थांबून स्वच्छ सुटला. त्या मापाचे छर्रे कलकत्त्यात कायम मिळतील ना, हेही मी विचारून घेतलं, कारण सेक्रेटरींच्या मते छर्रे न मिळणारं पिस्तूल म्हणजे कागदावर ठेवायचं वजन. दुकानदार म्हणाला, निकेलचं दिसायला छान आहे. मी म्हटलं, ते तुमच्या बेबीला द्या. दोन मुलींना गणित शिकवून साठवलेले माझे पैसे त्यात गेले. त्या रंग उडालेल्या पिस्तुलानं पुढे सहा वर्षं मी त्या रांगेत उभी राहिले आणि माझी निवड चुकली असं कधीही वाटलं नाही. निवडायची अक्कल मला होती. बाकीची नव्हती.

विक्रीच्या वहीत नाव लिहायची वेळ आली तेव्हा अण्णा हळूच म्हणाले, “एम. वासुदेव.” मी त्यांच्या खांद्यावरून मोठ्यानं म्हटलं, “लिमये. कुमारी लिमये. पिस्तूल माझं आहे.” दुकानदाराची लेखणी थबकली, त्यानं एकदा माझ्याकडे आणि एकदा अण्णांकडे पाहिलं. मग त्यानं लिहिलं. परतीच्या ट्राममध्ये अण्णा छत्री मांडीवर घेऊन बसले. मला फार मोठी लढाई जिंकल्यासारखं वाटत होतं.

पिस्तूल तीन आठवडे ट्रंकेत राहिलं. मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी बाहेरच्या खोलीत पाट मांडून त्यावर घरातली हत्यारं ठेवत. हत्यारं म्हणजे आईची विळी, तिची शिवणाची कात्री, एक अडकित्ता, अण्णांचं फाउंटन पेन. पूजा नवमीला, आणि पाट उचलायचा तो दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावर. मी ट्रंक उघडली आणि पिस्तूल आणून विळीशेजारी ठेवलं.

“ते नको,” आई म्हणाली.

“का? विळीची पूजा होते, अडकित्त्याची होते. मग माझ्याच हत्याराला विटाळ आहे का?”

अण्णा दारात उभे होते. “तू कबूल केलं होतंस,” ते म्हणाले.

“ट्रंकेत ठेवीन म्हटलं होतं. वर्षातून एक दिवस देवापुढे ठेवणार नाही, असं नव्हतं म्हटलं. चोरी केलीय का मी? की तुमच्यासारखं यालाही खोटं नाव द्यायचं?”

हे वाक्य मी बोलले. आज ते लिहिताना लाज वाटते, पण बोलले होते, तर लिहायलाच हवं. अण्णा आत निघून गेले. आईनं पुटपुटत पिस्तुलाला हळदकुंकू वाहिलं आणि झेंडूचं फूल ठेवलं. नळीत अक्षता जाऊ नयेत म्हणून मी तिचं तोंड चिंधीनं बंद केलं होतं.

दसऱ्याच्या दिवशी दुपारपासून ढाक, बंगाल्यांचे मोठे ढोल, वाजत होते. गल्लीतली देवी मिरवणुकीनं विसर्जनाला गेली आणि एकदम सगळं शांत झालं. संध्याकाळी आमच्याकडे बापूसाहेब आले. बडाबाजारात एका मुंबईच्या पेढीचे ते मुखत्यार, आमच्या मराठी मंडळींतले पुढारी, भरदार आवाज आणि नाकात तपकीर. विटांच्या त्या दिवसांत ते सासुरवाडीला जबलपूरला जाऊन बसले होते आणि सगळं निवल्यावर शूर होऊन परतले होते. आपटा इथे मिळत नसे म्हणून आम्ही कांचनाची पानं सोनं म्हणून वाटायचो. पानं हातात देता देता त्यांची नजर पाटावर गेली.

“अरे वा! हे कोणाचं?”

“माझं,” मी म्हटलं.

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “रणरागिणी!” ते म्हणाले. “वासुदेवराव, मुलगी वाघीण निघाली हो! आपलं रक्त कुठे जाईल?” 

त्या माणसाचा मला तिटकारा होता. त्याच्या तपकिरीचा, त्याच्या रक्ताबिक्ताच्या गप्पांचा. त्यांच्या रक्ताशी माझ्या कागदाच्या भोकांचा काही संबंध नाही, हे मला पक्कं कळत होतं. आणि तरी मला गुदगुल्या झाल्या. मला आजवर कोणी वाघीण म्हटलं नव्हतं. मी ताठ होऊन त्यांच्यासाठी श्रीखंडाची वाटी आणायला गेले, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

विसर्जनानंतर बंगाली घरांत लहानांनी मोठ्यांच्या पाया पडायला जायचं असतं, मोठ्यांनी कोणाच्या दारी जायचं नसतं. पण त्या विटांच्या वर्षापासून दर दसऱ्याला मास्टरमोशाय स्वतः जिना चढून आमच्याकडे येत, हातात नारळाच्या लाडवांचं ताट घेऊन, दिवे लागलेले असताना, गल्लीनं पाहावं म्हणून. ते येणार हे मला माहीत होतं. दर वर्षी येत होते. पाट उचलायला हवा होता, आणि मी वाघीण होण्याच्या नादात तो विसरले.

ते दारात आले, त्यांनी अण्णांना हसून नमस्कार केला आणि ताट पुढे धरलं. मग त्यांना कुंकवानं माखलेलं पिस्तूल दिसलं. ते तसेच थांबले. सांगता आलं असतं. विळी दाखवून, पेन दाखवून, एका वाक्यात सांगता आलं असतं की आमच्याकडे आज सगळ्याच अवजारांची पूजा असते. पण बापूसाहेब आधी बोलले. पोट हलवत, हिंदीत, म्हाताऱ्याला नीट कळेल अशा आवाजात ते म्हणाले, “आइए, आइए, मास्टरजी! देख लीजिए, मराठे का निशाना कभी चूकता नहीं!”

आणि ते हसले. पाहुणे हसले म्हणून आईही कसंनुसं हसली. तिला हिंदी धड कळत नव्हतं. मी हसले. मला हिंदी कळत होतं. तो कोणता निशाणा, हेही कळत होतं. मी मोठ्यानं हसले.

मास्टरमोशायांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी ताट पाटाच्या कडेला, विळीपाशी ठेवलं आणि ते जिना उतरून गेले. “म्हातारा रागावला वाटतं,” बापूसाहेब म्हणाले आणि त्यांनी ताटातला एक लाडू उचलून तोंडात टाकला. ते गेल्यावर अण्णांनी पिस्तूल उचललं, धोतराच्या सोग्यानं त्यावरचं कुंकू पुसलं आणि ट्रंकेत ठेवलं. इतकं झालं तरी या माणसाच्या तोंडून शब्द फुटत नाही, असं माझ्या मनात आलं आणि मी पाय आपटत गच्चीवर गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे खालून चरख्याचा आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मी पिस्तूल कापडी पिशवीत घातलं आणि खाली गेले. मास्टरमोशाय ओसरीवर चरखा पुढ्यात घेऊन नुसते बसले होते. मी धडाधड बोलत सुटले, बंगालीत, मी शाळेत असताना त्यांनीच सुधारून दिलेल्या बंगालीत. हे हवेचं आहे, याला परवाना लागत नाही, यानं चिमणी मरत नाही, हे बघा छर्रे, हे बघा क्लबचं पत्र. आमच्याकडे त्या दिवशी विळीचीसुद्धा पूजा करतात, आईला विचारा. मी पिस्तूल त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, तुम्ही सांगाल तर आत्ता जाऊन विकून टाकते. खरंच टाकलं असतं. रविवारी रांगेत माझी पहिली पाळी होती, तरी टाकलं असतं.

त्यांनी पिस्तुलाला हात लावला नाही. “हे तुझंच असू दे,” ते म्हणाले. “कागदावर मारतेस, चांगलं मारतेस, तुझ्या आईनं मागेच सांगितलंय मला. पिस्तुलाबद्दल मी काही विचारलेलं नाही.”

म्हणजे त्यांना आधीपासून माहीत होतं. आईनं केव्हा, कोणत्या मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं असेल ते देव जाणे. मी विचारलं, “मग तुम्ही का निघून गेलात?”

“तुमी हाशले केनो, मा?” ते म्हणाले. तू का हसलीस, पोरी?

त्यांच्या आवाजात राग असता तर मी भांडले असते, मला भांडता येत होतं. मी म्हटलं, “सगळेच हसले, म्हणून.”

त्यांनी चरख्याच्या चाकावर हात ठेवला आणि जरा वेळ विचार केला, वर्गात एखाद्याचं उत्तर तपासताना करत असतील तसा.

“सगळे नाही,” ते म्हणाले. “तुझे वडील हसले नव्हते.”

अण्णा त्या वेळी खोलीत कुठे उभे होते आणि त्यांचा चेहरा कसा होता, हे मला आजही सांगता येत नाही. मी त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं.